मॅडम, काळं पाणी आलंय

अण्णांनी फोनवर एवढंच सांगितलं. ते आमच्या ईटीपीचे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचे सगळ्यात जुने ऑपरेटर. उगाच घाबरणारे नव्हेत.

तेलाच्या कारखान्यात पाण्याचं काय काम, असं नातेवाईक विचारतात. क्रूडमध्ये, म्हणजे कच्च्या तेलात, मीठ असतं. ते तसंच भट्टीत गेलं की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं आणि क्रूड वेगळं करणाऱ्या उंच कॉलमचा माथा खातं. म्हणून क्रूड ३५० अंशांच्या वर तापवून नाफ्था, केरोसीन, डिझेल वेगळं करण्याआधी त्यात पाणी घुसळतात आणि डिसॉल्टरमध्ये विजेच्या जोरावर ते खाली बसवतात. मीठ, गाळ, फिनॉल, सल्फाइड, थोडं तेल, सगळं त्या पाण्याबरोबर आमच्याकडे येतं.

रात्री क्रूडची टाकी बदलली होती. हलकं बॉम्बे हाय संपून इराकचं जड बसरा सुरू झालं. जड तेल आणि पाणी लवकर सुटत नाहीत, मधे चॉकलेटी साय धरते. ती सायच ड्रेनला लागली होती. एपीआय सेपरेटरमध्ये सुटं तेल वर तरंगतं आणि काढून घेता येतं. हे इमल्शन मात्र सरळ पुढे निघालं. सेपरेटरपाशी सडक्या अंड्यांचा वास, अण्णांच्या खिशातला गॅस मीटर ओरडत होता.

आधी बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद केला. पाणी गार्ड पाँडमधून, म्हणजे बाहेर सोडण्याआधीच्या शेवटच्या तळ्यातून, परत फिरवलं. मग किती डोस लागेल ते बघायला बीकर मांडून जार टेस्ट, तेल-गाळ गोळा करणाऱ्या पॉलीइलेक्ट्रोलाइटचा डोस वाढवला. सीडीयूला, म्हणजे क्रूड तापवून वेगळं करणाऱ्या युनिटला, क्रूड कमी करायला सांगितलं, तर "वरून परवानगी लागेल"! कुणी सुचवलं, आग विझवण्यासाठीचं फायर वॉटर मिसळा, आकडा उतरेल. लिटरला ५ मिलिग्रॅम तेलाची मर्यादा तशी गाठताही येते. पण २००८ च्या मानकांत दर हजार टन क्रूडमागे २ किलोची मर्यादाही आहे, आणि पाणी ओतून किलो कमी होत नाहीत. तासाभराने परवानगी आली.

तोवर थोडं पाणी हवा सोडतात त्या एरेशन टँकमध्ये पोचलंच होतं. फिनॉल खाणारे जिवाणू तिथेच असतात. त्यांची तब्येत त्यांच्यासोबत राहणाऱ्या व्हॉर्टिसेला या सूक्ष्मजीवावरून कळते. मायक्रोस्कोपखाली एरवी देठावर डोलणारे हे जीव निपचित होते, बऱ्याच देठांवर डोकंच नव्हतं. दुसऱ्या प्लांटमधून टँकरने जिवंत गाळ आणून टाकला, तरी टँक रुळायला बरेच दिवस गेले.

आता टाकी बदलण्याआधी सीडीयूतून फोन येतो. तोही अण्णांनी भांडून मिळवलाय.