बाटलीचे बोलावणे शेवटी

घरी लिकरचे, म्हणजे गोड, सुगंधी मद्य घातलेले चॉकलेट ट्रफल (कोकोत घोळवलेले मऊ चॉकलेटचे गोळे) करायचे ठरले की सगळी चर्चा बाटलीभोवती फिरू लागते. संत्र्याच्या सालीचा गंध असलेली क्वँत्रो घ्यावी की कोन्याक या फ्रेंच ब्रँडीच्या जोडीने संत्रे मिरवणारी ग्राँ मार्निए, कॉफीची काहलुआ बरी की बदामी वासाची आमारेत्तो, यावर हौशी माणसे तासन्‌तास बोलू शकतात. प्रत्यक्षात या बाटलीला बोलावणे येते ते अगदी शेवटी, तेही दोन चमच्यांपुरते. ट्रफल जमणार की बिघडणार, हे त्याआधीच चॉकलेट, क्रीम आणि उष्णता यांनी आपसांत ठरवून टाकलेले असते.

चॉकलेटचा स्वभाव तसा विक्षिप्तच. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले, तर त्यातील साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि इतका वेळ गुळगुळीत दिसणारे चॉकलेट पाहता पाहता रवाळ, घट्ट होऊन बसते. मात्र द्रव पुरेसा असेल, तर तेच कण भिजून मोकळे होतात, कोकोबटर, म्हणजे कोकोतील स्निग्धांश, बारीक थेंबांच्या रूपाने त्या द्रवात पसरते आणि गनाश, म्हणजे ट्रफलचे मऊ, चमकदार मिश्रण, तयार होते. थोडे पाणी घात करते आणि भरपूर पाणी तारते, असा हा उफराटा न्याय असल्यामुळे नुसत्या वितळलेल्या चॉकलेटवर लिकरचा चमचा उपडा करण्याचा मोह आवरावा लागतो.

दोनशे ग्रॅम गडद चॉकलेट बारीक चिरून अर्धवट वितळवावे, कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवलेले ८० मिलिलिटर क्रीम त्यावर ओतावे, मिनिटभर त्याच्या वाटेला जाऊ नये आणि मग मधोमध लहान वर्तुळात ढवळायला घ्यावे. सुरुवातीला मिश्रण डागाळलेले, फुटल्यासारखे दिसते आणि सगळे वाया गेले असे वाटू लागते. तेवढ्यात मध्यभागी रुपयाएवढी चकाकी उमटते आणि ढवळण्याच्या प्रत्येक फेरीबरोबर ती भांड्याच्या कडेपर्यंत पसरत जाते. या कृतीत माझ्या मते सर्वांत देखणे असे हेच आहे. तूप सुटलेच, तर चमचाभर कोमट दूध घालून ढवळल्यास मिश्रण बहुधा पुन्हा एकजीव होते.

आता लिकर, पण लगेच नाही. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळत असला, तरी त्याचा सुगंध त्याच्या कितीतरी आधीच उडू लागतो. म्हणून गनाश बोटाला जेमतेम कोमट लागेपर्यंत थांबावे आणि मगच ३० मिलिलिटर लिकर थोडी थोडी मिसळावी. त्याहून जास्त ओतली तर गनाश सैल पडते आणि चवीला औषधासारखा उग्रपणा येतो. क्रीमयुक्त लिकर अनेकांना प्रिय असते, परंतु तिच्यात मद्यार्क १७ टक्क्यांच्या आसपास असतो आणि गडद चॉकलेट तिची चव सरळ गिळून टाकते. तिथे ४० टक्क्यांची संत्र्याची लिकरच टिकाव धरते.

गोळे वळताना तळहाताशी झुंज असते, कारण कोकोबटर साधारण ३४ अंशांना वितळते. जिभेवर ट्रफल विरघळते ते याच गुणामुळे, आणि हात बरबटतात तेही त्याच्यामुळेच. गोळे वाकडेतिकडे झाले तरी दुःख मानू नये. जमिनीखालून खणून काढलेल्या ट्रफल नावाच्या कवकाचेच रूप या मिठाईने घेतले आहे आणि वरचा कोको ही त्याची माती आहे. साच्यातून काढल्यासारखे एकसारखे, चकचकीत गोळे मला तर थोडे संशयास्पदच वाटतात.

फ्रिजमधून काढून अर्ध्या तासाने खाल्ले तर गंध मोकळा होतो. एवढ्या साहित्याचे पंचवीस गोळे झाले, तर चाळीस टक्क्यांची लिकर वापरूनही एकेका गोळ्यात जेमतेम अर्धा मिलिलिटर मद्यार्क येतो. तो शिजून उडून गेलेला नसतो. त्यामुळे डब्यावर ठळक चिठ्ठी चिकटवावी आणि मुलांसाठी, तसेच मद्य वर्ज्य असणाऱ्यांसाठी थोडे गनाश लिकर घालण्यापूर्वीच बाजूला काढून, त्यात संत्र्याची साल किसून घालावी. हा दुसरा डबा पहिल्याच्या आधी रिकामा होण्याचीही शक्यता असते, पण ती गोष्ट बाटलीच्या चाहत्यांना सांगून उपयोग नाही.