केस आमच्या हातात नाही

गावाचं नाव लिहीत नाही, लेकीचंही नाही. लैंगिक छळाच्या प्रकरणात मुलीची ओळख उघड करायला कायद्यानेच मनाई आहे. आमच्या भागातले कोणी वाचत असतील तर त्यांना नावाची गरजही नाही. त्यांना सगळं माहीत आहे, आमच्यापेक्षा थोडं जास्तच.

तालुक्याचं गाव. ह्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, मी घरी शिवणकाम करते. २०२४ साली लेक दहावीत होती. गणिताला ती ज्या सरांकडे जायची त्यांच्याकडे अर्धं गाव शिकलेलं. निकाल लागला की चौकात त्यांचा फ्लेक्स, गणेश मंडळाच्या बक्षीस समारंभाला पाहुणे तेच. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे लोक जे वागले ते त्या फ्लेक्सला जागून वागले.

काय घडलं त्याच्या तपशिलात जात नाही. नको तिथे हात लावणं आणि रात्री मोबाइलवर मेसेज. लेकीने मेसेज पुसले नव्हते. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण ताजं होतं, शाळेत मुलींना १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर लिहून दिला होता. तो तिने आम्हाला सांगायच्या आधीच फिरवला. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, उद्या त्या बाई येणारेत. तुला आत्ता सांगते." बसून विचार करू, मोठ्यांना विचारू, असं म्हणायची वेळच तिने आमच्यावर ठेवली नाही. आज वाटतं, फार बरं केलं.

दुसऱ्या दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षातून एक ताई आल्या आणि आमच्याबरोबर पोलीस ठाण्यात बसल्या. ठाण्यातल्या साहेबांनी नेहमीचं सुरू केलं, "लेखी अर्ज द्या, आधी चौकशी करतो." ताईंनी आवाज न चढवता सांगितलं की पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे माहिती मिळाली की ती नोंदवावीच लागते, तोंडी असली तरी. वर बदलापूरला गुन्हा नोंदवायला उशीर केला म्हणून उच्च न्यायालयाने पोलिसांना काय सुनावलं, याची आठवण करून दिली. त्या रात्रीच एफआयआर झाला. त्याची प्रत फुकट मिळते, मागून घ्यावी.

जबाब घ्यायला पीएसआय मॅडम घरी आल्या, वर्दीत नाही, साध्या पंजाबी ड्रेसवर. मुलाचा जबाब घेताना अधिकाऱ्याच्या अंगावर वर्दी नसावी असा नियम आहे. नियम चांगला आहे, पण आमच्या गावात कुठली स्कूटी कोणाची हे शाळकरी पोरंही सांगतात. मॅडम उतरल्या आणि समोरच्या दोन्ही गॅलऱ्या भरल्या. जबाब लिहून झाल्यावर लेकीने तो पूर्ण वाचायला मागितला. त्यात "क्लास सुटल्यानंतर" असं आलं होतं. ती म्हणाली, "सुटल्यावर नाही, चालू असताना. पुढच्या बाकावर मुलं होती." मॅडमनी दुरुस्ती केली. त्या दुरुस्तीमुळेच पुढे पोलिसांनी बॅचमधल्या मुलांकडे चौकशी केली आणि एका मुलाने जे पाहिलं होतं ते सांगितलं. त्याच्या घरच्यांनाही मग आमच्यासारखंच भोगावं लागलं. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब आणि बाकीचे सोपस्कार त्या मानाने सरळ पार पडले.

सर आत गेले आणि गाव बाहेर आलं.

ती खोटं बोलते असं तोंडावर कोणी म्हणालं नाही. म्हणायचे ते वेगळंच. "आत्ताच का बोलली?" "घरात बसून मिटलं असतं." "दहावीच्या तोंडावर इतक्या पोरांचं नुकसान." सरांच्या समर्थनार्थ पालकांनी तहसीलदारांना निवेदन दिलं, त्यावर माझ्या भिशीतल्या बायकांच्या सह्या होत्या. महिना संपायच्या आत भिशीतून माझं नाव गेलं, पैसे मात्र चोख परत आले. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लेकीचं नाव टाकलं. मी स्क्रीनशॉट काढून मॅडमकडे दिला. ओळख उघड करणं हा पॉक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे, असा एक फोन ॲडमिनला गेला आणि ग्रुपच बंद झाला.

ह्यांच्या दुकानातली एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. रब्बीचे दिवस, पंपाच्या मोटरींची रांग लागते तेव्हा. एका बागायतदाराची मोटर ह्यांनी उघडलेली, जळालेली तार निम्मी काढलेली. तो आला, काही न बोलता सुटे भाग पोत्यात भरले, बॉडी टेम्पोत टाकली आणि निघाला. "अहो, आता दुसरीकडे नेऊन काय उपयोग, वाइंडिंग अर्धं काढलंय," हे म्हणाले. तो म्हणाला, "असू द्या." मोटर फुकट गेली तरी चालेल, पण आमच्याकडून करून घ्यायची नाही.

दिवाळीनंतर मध्यस्थ आले. एक माजी नगरसेवक, एक शिक्षण संस्थेचे संचालक आणि ह्यांचे वर्गमित्र. गोड बोलत होते. "वहिनी, सर पायावर डोकं ठेवायला तयार आहेत. गाव सोडतील. पोरीच्या शिक्षणाचं आम्ही बघू. तुम्ही फक्त तक्रार नाही म्हणून लिहून द्या." थोरले दीरही त्यांच्यात येऊन बसले होते, उद्या स्थळं बघताना काय सांगणार म्हणून. सासूबाई या प्रकरणात आमच्याशी धड बोलत नव्हत्या, पण त्या दिवशी त्यांनी चहा टाकला नाही. आमच्या घरातून चहा न घेता पाहुणा गेल्याचं मला आठवत नाही.

ह्यांचं उत्तर तयार होतं, ताईंनी दिलेलं: "केस आमच्या हातात नाही." ही पळवाट नव्हती, खरंच तसं आहे. गुन्हा नोंदला की खटला सरकार चालवतं, आई-बापांनी लिहून दिलं तरी तो आपोआप मिटत नाही. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात हेच सांगितलं. तिथे मुलीच्या वडिलांशी तडजोड झाली म्हणून उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला होता, तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. ताईंनी त्याची प्रिंट आणून दिली होती. ह्यांनी ती संचालकांच्या हातात ठेवली. ते चष्मा लावून दोन पानं वाचत बसले, मग वर्गमित्राला म्हणाले, "चला." इतके दिवस आम्ही लोकांना आमचं बरोबर कसं ते पटवत होतो. त्यानंतर पटवणं सोडलं. कोणी विषय काढला की तेच एक वाक्य. वाद घालायला समोरच्याला जागाच उरत नाही.

सरांना जामीन झाला तेव्हा क्लाससमोर फटाके वाजले आणि "निर्दोष सुटले" अशी हवा झाली. जामीन म्हणजे सुटका नव्हे, हे किती जणांना सांगत बसणार? आम्हाला मात्र सुनावणीची खबर आधी मिळाली होती. मुंबई उच्च न्यायालयाचा २०२१ चा तसा आदेश आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकीलबाईंनी आमच्या भीती कोर्टापुढे मांडल्या, म्हणून तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही ही अट पडली. बायका-मुलांना हा वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. हे तरी प्रत्येकाला माहीत असावं.

२१ फेब्रुवारी २०२५ ला दहावीची परीक्षा सुरू झाली. गणित तिने शेजारच्या गावातल्या एका निवृत्त गुरुजींकडे केलं. मार्क अपेक्षेपेक्षा कमी पडले. अकरावीला जिल्ह्याच्या ठिकाणी गेली, तिथे ती फक्त एक नवी मुलगी आहे.

साक्षीच्या दिवशी विशेष न्यायालयात दालन रिकामं केलं होतं आणि मध्ये पडदा होता, ते सर तिला दिसले नाहीत. त्यांच्या वकिलांना प्रश्न थेट तिला विचारता येत नाहीत, न्यायाधीशांकडे द्यावे लागतात, आणि न्यायाधीशबाई ते तिला साध्या भाषेत विचारत होत्या. तरी एक प्रश्न तीनदा फिरून आला, "आधी घरी का नाही सांगितलं?" तिने तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं, "घरच्यांनी मिटवलं असतं." मी तिच्या शेजारीच बसले होते. नंतर कॅन्टीनमध्ये तिने दोन वडापाव खाल्ले. मला घास उतरेना.

कायद्यात खटला शक्यतो वर्षात संपवावा असं आहे. आमचा अजून चालू आहे. पुढच्या तारखेला तपास अधिकाऱ्यांची साक्ष आहे. त्याच आठवड्यात थोरल्या दिरांच्या मुलाची हळद आहे. पत्रिका आली नाही, सासूबाईंनी तारीख सांगितली. तिघंही जाणार आहोत. लेकीची साडी फॉल-बिडिंग करून तयार आहे.