रेझ्युमेतली एका ओळीची नोकरी

सीनियर टेस्टरची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्याची जागा होती, मुलाखतीच्या पॅनेलवर आम्ही तिघं. ज्या मॅडम आल्या होत्या त्यांची तयारी पक्की होती, म्हणजे परिस्थिती, जबाबदारी, काय केलं, निकाल असं स्टार पद्धतीचं सगळं बरोबर क्रमाने येत होतं, पण ऐकताना हाताला काहीच लागत नव्हतं. आम्ही प्रोसेस सुधारली, आम्ही क्वालिटी वाढवली, सगळं आम्ही आम्ही. श्रेय टीमला द्यावं हे मला मनापासून पटतं, पण पॅनेलला घ्यायचं असतं एका माणसाला, त्याने स्वतः काय केलं ते कळायलाच हवं ना.

मग मी विचारलं, कधी रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लोकांपर्यंत जाणं, थांबवायला लावलंय का? तो एकच दिवस सांगा, समोर कोण होतं, तुम्ही नेमकं काय बोललात.

असा प्रश्न विचारायची पद्धत जुनी आहे. जॉन फ्लॅनागन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हवाई दलासाठी काम करताना नुसती मतं न घेता प्रत्यक्ष घडलेले प्रसंग गोळा केले आणि १९५४ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. मत कोणीही देऊ शकतं हो, प्रसंग सांगायचा तर तिथे असावं लागतं.

मॅडम थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, रिलीजच्या आदल्या संध्याकाळी एक बग सापडला, पेमेंटच्या पानावरून मागे जाऊन परत आलं की कूपन दोनदा लागायचं. मॅनेजर म्हणाले पेमेंटपर्यंत आलेला माणूस मागे कशाला जाईल, पुढच्या रिलीजमध्ये बघू. "मी वाद नाही घातला सर, मला माहीत होतं लोक मागे जातात, पत्ता बरोबर टाकलाय ना हे बघायला जातात. मी लॉग, म्हणजे साइटच्या वापराच्या नोंदी काढल्या आणि मागच्या आठवड्यात किती जण असे मागे गेले ते मोजून त्यांच्यासमोर ठेवलं." रिलीज एक दिवस पुढे गेला. डेव्हलपर बरेच दिवस धड बोलत नव्हता, तेही त्यांनी आपणहून सांगितलं, आणि मला तिथेच खात्री पटली की हे खरं आहे, कारण रचून सांगितलेल्या गोष्टीत सहसा कोणी नाराज होत नाही.

माझ्या सहकाऱ्याने विचारलं, पण लोक पत्ता बघायला मागे जातात हे तुम्हाला कसं माहीत?

"मी आधी कस्टमर सपोर्टला होते ना, फोन घ्यायचे."

आम्ही तिघांनीही रेझ्युमे उलटला. शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ, हुद्दा आणि वर्षं, बास. त्यांना वाटायचं की टेक्निकल जागेसाठी ते लपवलेलंच बरं. अहो, पण सगळी गोष्ट तर तिथेच होती! रोज त्याच त्याच तक्रारी ऐकून, ज्यात आपली काहीच चूक नाही त्याची माफी मागून त्या कंटाळल्या होत्या, आणि हे आधीच पकडता आलं असतं असं वाटायला लागलं म्हणून रात्री अभ्यास करून टेस्टिंगला आल्या. हे सांगताना त्या पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकून बोलत होत्या आणि "आम्ही" कधी गळून पडलं कळलंच नाही. तोपर्यंत नुसती तीन नोकऱ्यांची यादी होती, आता त्यांनी नोकरी का बदलली ते एका वाक्यात सांगता येत होतं.

शेवटी नेहमीप्रमाणे विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे सपोर्टच्या तक्रारी टेस्टिंग टीमपर्यंत कशा पोचतात?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पोचतच नव्हत्या. मी तसं स्पष्ट सांगितलं, आणि पुढचा अर्धा तास त्या पोचवायच्या कशा यावरच आम्ही चौघं बोलत बसलो.