पिशवी क्र. ७ : २० ग्रॅम ठेवले, ३१ निघाले

पाला किती कुजतो ते बघायला जाळीच्या पिशव्यांत वाळलेला पाला तोलून अकेशियाखाली ठेवला होता. काल त्या पिशव्या उचलल्या. पहिल्या पावसाबरोबर अंथरल्या होत्या, म्हणजे चार महिने झाले. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) पाल्याच्या पिशव्यांत नुसते देठ आणि काळी भुकटी उरलीय. ते ठरल्यासारखंच झालं. अकेशियाच्या सातव्या पिशवीने मात्र डोकं फिरवलं. २० ग्रॅम वाळलेला पाला घातला होता, वजन भरलं ३१. पुन्हा वाळवला, पुन्हा तोललं, आकडा तोच.

उघडून पाहिलं तर वाळवीने आत माती आणून भरलेली. प्रत्येक पानावर लाल मातीचं पापुद्र्यासारखं लिंपण. ब्रश मारला की पान मोडतं, धुतलं की कुजलेला बारीक चुरा पाण्याबरोबर जातो, आणि तोही वजनात धरायला हवाच. बारापैकी पाच पिशव्यांची हीच गत आहे. प्रयोगशाळेत असा नमुना ५०० अंशांच्या आसपास जाळतात. पाला जळतो, माती उरते, ती वजा करायची. आपल्याकडे भट्टी कुठली, असं लिहिणार होतो, तेवढ्यात खालच्या वाडीतला कुंभार आठवला! पण जांभ्याची मातीही तापली की अंगचं पाणी सोडून हलकी होते, आणि स्वच्छ पाल्याचीही थोडी राख उरतेच. म्हणून तीन बोळकी लावायची: पिशवीतला माल, नुसती माती, नुसता पाला.

पाचव्या पिशवीने मात्र दिवस सार्थकी लावला. जाळीतून पांढरी केसासारखी मुळं आत शिरून पाल्याला चिकटली होती. एक मूळ बोटाने माग काढत गेलो, तर थेट अकेशियाच्या बुंध्याशी पोचलो. वाटेत मुळावर गाठी लागल्या, हवेतला नायट्रोजन धरणारे जिवाणू राहतात त्या. एक नखाने फोडली, आत मस्त गुलाबी. म्हणजे नायट्रोजनचं काम जोरात चालू आहे. पण त्या कामाला फॉस्फरस भरपूर लागतो, आणि जांभ्यातलं लोह-ॲल्युमिनियम तो धरून बसतं. झाड तो मातीत उतरण्याआधीच पाल्यातून परत उचलत असणार, असा माझा कयास. किंजळीची (हे रानातलं झाड) रोपं तीन वर्षं गुडघ्याएवढीच आहेत, ती यामुळेच का?

मागे कोणी कॅशिया लावू का म्हणून विचारलं होतं. शेंगा धरतो खरा, पण कॅशिया सियामियाच्या मुळांवर गाठी येत नाहीत. नायट्रोजनसाठी लावू नका.

पिशव्या शिवायला नायलॉनचाच दोरा घ्या, सुती दोरा श्रावणातच सुटला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वेळ घालवू नका, सोनाराचा खिशातला काटा घ्या.

थंडीत अकेशियाची दुसरी ओळ पूर्ण तोडायची ठरवली होती, ते आता रद्द. एकाआड एक झाड तोडून पाला गिरिपुष्पाच्या फांद्यांत मिसळून अंथरेन. अकेशियाचं पान म्हणजे मुळात चपटा झालेला देठ, एकटं लवकर कुजत नाही. आणि निम्म्या किंजळींना रॉक फॉस्फेट, निम्म्या तशाच. आपली माती आंबट असल्याने ते विरघळायला हवं. रोपांवरच्या खुणेच्या फितीचे रंग बदलतो: निळी म्हणजे फॉस्फेट. उद्या सकाळी बोळकी घेऊन कुंभाराकडे.