इपोची हिओंग पेंग: बस टाळा, सकाळी पोहोचा, चरबीविषयी आधी विचारा

हिओंग पेंग, म्हणजे गोड सारण भरलेली पापुद्र्यांची चिनी बिस्किटे, खायला क्वालालंपूरहून मलेशियातल्या इपो शहरी जायचे तर बसने जाऊ नये, हे मी आरंभीच सांगून टाकते, कारण या प्रवासातला जवळजवळ सगळा मनस्ताप त्या एका बसमुळे झाला आणि बसने जाण्याचा सल्ला मात्र भेटेल तो माणूस हसतमुखाने देत होता. बसचे तिकीट रेल्वेपेक्षा स्वस्त पडते, हे खरे आहे. परंतु लांब पल्ल्याच्या बहुतेक बस ज्या अमानजाया स्थानकावर थांबतात, ते इपो शहरात नसून शहराच्या उत्तरेला, मेरू राया या नव्या वसाहतीत, दहाएक किलोमीटर दूर आहे; आणि ज्या गुनुंग रापात भागात हिओंग पेंग भाजणाऱ्या लहान चिनी बेकऱ्या आहेत, तो शहराच्या नेमक्या विरुद्ध बाजूला, आग्नेयेला आहे. तिकिटात वाचलेले पैसे त्यामुळे स्थानकाच्या दारातच संपतात.

तिथे उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याने मला गुनुंग रापातचे ६० रिंगिट (मलेशियाचे चलन) सांगितले. मीटरचा विषय काढताच त्याने दर ठरलेला असल्याचे ऐकवले, आणि मी वळून चालू लागताच तो ठरलेला दर ४५ वर आला. त्याच क्षणी ग्रॅब या गाडी बोलावण्याच्या ॲपवर तेच अंतर २४ रिंगिटमध्ये दिसत होते. हे ॲप भारतातूनच सुरू करून ठेवावे, कारण नोंदणीचा ओटीपी आपल्या भारतीय क्रमांकावर येतो आणि परदेशात पोहोचल्यावर त्या क्रमांकाचे रोमिंग बंद असेल तर आपण पुन्हा त्याच टॅक्सीवाल्याच्या हाती सापडतो.

खरा त्रास त्यापुढे आहे. १९४८ ते १९६० या काळात मलायात कम्युनिस्ट बंडामुळे लागू असलेल्या आणीबाणीत ब्रिटिशांनी विखुरलेल्या चिनी वस्त्या उठवून कुंपणाआडच्या नव्या गावांत आणून वसवल्या; गुनुंग रापात हे त्यांपैकीच एक. घरे एकमेकांना खेटून, गल्ल्या अरुंद, आणि बेकरी म्हणजे बहुधा घराचाच पुढचा किंवा मागचा भाग, अशी तिथली रचना आहे. नकाशावरची खूण अनेकदा मोठ्या रस्त्यावर पडते, चालकही तिथेच उतरवून निघून जातो, आणि मग भर दुपारी, पदपथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने, शेजारून ट्रक जात असताना एकेक गल्ली तपासत चालावे लागते. अंतर एक किलोमीटरही नसेल, पण विषुववृत्ताजवळच्या त्या दमट उन्हात मी तो तुकडा चालले तेव्हा एवढ्या वेळात एखादा छोटा किल्ला चढून झाला असता, असे माझ्या मनात आले. टोपी, पाणी आणि पूर्ण चार्ज केलेला फोन या गोष्टी मी गृहीतच धरते. माझा सल्ला इतकाच की गाडीतून उतरण्यापूर्वी चालकाला बेकरीचा चिनी अक्षरांतील फलक फोनवर दाखवावा आणि दाराशी पोहोचेपर्यंत उतरूच नये. गल्लीत गाडी जाते, चालक ती न्यायला कुरकुरतो एवढेच.

इतके करून मी पोहोचले तेव्हा भट्टी विझलेली होती. भाजण्याचे काम सकाळी होते आणि दुपारनंतर फक्त पुडे बांधले जातात, हेही मला कोणी सांगितलेले नव्हते. मालकीणबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर यायला सांगितले. त्यामुळे मी इपोत मुक्काम केला. जुन्या शहरात हिंडले, व्हाइट कॉफी प्यायले, ते सारे सुखाचे होते आणि त्याविषयी माहिती सगळीकडे मिळते.

सकाळची बेकरी हे मात्र वेगळेच प्रकरण आहे. मैद्याच्या उंड्यात स्निग्ध पदार्थाचा साटा घालून तो पुन्हा पुन्हा लाटतात, त्यामुळे पापुद्रे सुटतात. आत माल्टोज साखर आणि छोट्या लाल कांद्याचे चिकट सारण, वरून तीळ. भट्टी उभी, मातीची, आपल्या तंदुरासारखी असते आणि तीत नारळाची सोडणे जाळतात. चपट्या गोळ्यांची खालची बाजू पाण्याने ओली करून मालक कोपरापर्यंत हात आत घालून ते तापलेल्या भिंतीवर झपाझप चिकटवत होते, त्यांचा मुलगा भाजलेले खरवडून काढत होता, आणि आजीबाई कोणाकडेही न पाहता पुडे बांधत होत्या. भट्टीसमोर दोन मिनिटेसुद्धा उभे राहवत नाही. फोटो काढण्यापूर्वी विचारावे आणि कामाच्या वाटेत उभे राहू नये; जागा इतकी कमी असते की आपण एक पाऊल मागे सरकलो तरी कोणाचे तरी ताट सांडेल.

आता मराठी वाचकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. साट्यासाठी वापरलेला स्निग्ध पदार्थ परंपरेने डुकराची चरबी असू शकतो. अनेक बेकऱ्या आता वनस्पतिजन्य तूप किंवा तेल वापरतात, परंतु सगळ्या नाहीत, आणि केवळ पाहून किंवा चवीवरून ते आपल्याला कळणार नाही. ‘व्हेजिटेरियन आहे का?’ हा प्रश्न इथे पूर्णपणे निरुपयोगी आहे, कारण चिनी बौद्ध शाकाहारात कांदा-लसूण वर्ज्य असतो. मी तो विचारला तेव्हा ठाम नकार मिळाला, आणि बऱ्याच हातवाऱ्यांनंतर कळले की तो नकार कांद्यामुळे होता. चरबी त्यांच्याकडे वापरतच नव्हते. याच्या उलटही घडू शकते, म्हणजे मांस घातलेले नाही एवढ्या अर्थाने होकार मिळू शकतो. म्हणून ‘लार्ड आहे का?’ असे थेट विचारावे. समजले नाही तर मलय भाषेतील ‘लेमाक बाबी’ हे शब्द उपयोगी पडतात. पुड्यावर मलेशियाचा हलाल शिक्का असेल तर डुकराची चरबी नाही, याची खात्री बाळगावी. शिक्का नसला तरी चरबी असेलच असे मात्र नाही, कारण इतक्या लहान घरगुती बेकऱ्या अनेकदा त्या प्रमाणपत्राच्या वाटेला जात नाहीत. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी या पदार्थाचा नाद सोडावा आणि भट्टी पाहूनच समाधान मानावे.

चवीविषयी माझे मत स्पष्ट आहे. भट्टीतून काढून काही मिनिटे थंड केलेली हिओंग पेंग अप्रतिम लागते: बाहेरून खुसखुशीत, आत दाताला किंचित चिकटणारे गोड-खारट सारण, आणि सोडणांच्या धुराचा हलका वास. अगदी गरम असताना चावू नये, वितळलेले माल्टोज जीभ भाजते. शहरातल्या भेटवस्तूंच्या दुकानांतून विद्युत भट्टीत भाजलेला माल मिळतो. तो वाईट नाही, पण त्यासाठी कोणी इपोला जाण्याचे कारण नाही. बेकरीतही पुडे मोजकेच घ्यावेत. सारण थंड झाल्यावर घट्ट होते, पापुद्रे सामानात चुरडतात आणि मुंबईला पोहोचेपर्यंत निम्मा पुडा भुगा होतो. न्यायचेच असतील तर ते हातातल्या पिशवीत, कडक डब्यात ठेवावेत. पैसे रोख न्यावेत, तेही सुट्या नोटांत. स्थानिक लोक फोनवरून क्यूआरने पैसे देतात, पण आपले कार्ड चालेल या भरवशावर जाऊ नये. चिनी नववर्षाच्या सुमारास तर जाऊच नये: आधी मागणीमुळे पुडे मिळणे कठीण आणि नंतर कुटुंब सुट्टीवर.

बेकरीपासून केक लोक तोंग हे चुनखडीच्या डोंगरातले गुहामंदिर गाडीने काही मिनिटांवर आहे. तिथे प्रवेश विनामूल्य आहे आणि आत गारवा आहे. सकाळी बेकरी आणि ऊन चढल्यावर गुहा, हाच क्रम योग्य.

पैसे उकळण्याचा आणखी एक प्रकार प्रवासापूर्वीच गाठतो. भारतीय पारपत्रधारकांना डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची असल्याने निघण्यापूर्वी तपासून घ्यावी. मात्र आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, आणि सरकारी वाटेल अशा इतर संकेतस्थळांवर त्याचेच पैसे मागतात. देऊ नयेत.

इपोला जाण्यायेण्यासाठी क्वालालंपूरच्या केएल सेंट्रल स्थानकाहून सुटणारी ईटीएस ही विद्युत रेल्वे घ्यावी. ती साधारण अडीच तासांत थेट जुन्या शहराच्या कडेला, पांढऱ्या घुमटांच्या स्थानकावर उतरवते, आणि तिथून गुनुंग रापात ग्रॅबने स्वस्तात गाठता येते. शनिवार-रविवारी आणि शाळांच्या सुट्ट्यांत या गाडीच्या जागा लवकर भरतात, तेव्हा परतीचे तिकीट जातानाच काढून ठेवावे; ते न मिळाल्यास पुन्हा अमानजाया आणि पुन्हा तोच ठरलेला दर.