हॉटेलसारखी ग्रेव्ही

"आई, मस्त झालंय. पण घरच्यासारखं लागतंय गं."

लेक चपातीचा तुकडा मोडत एवढं बोलली आणि परत मोबाईलमध्ये घुसली. पुढ्यात काजू-पनीर. मगज बी भिजवून बारीक वाटलेली, ब्याडगीचा रंग, वरून चुरडलेली कसुरी मेथी, बटर. आता काय स्वतःला विकू?

संध्याकाळी विश्रामबागेत ह्यांच्या ओळखीचे एक आचारी भेटले. त्यांना सरळ विचारलं, हॉटेलसारखी चव घरी का येत नाही? त्यांनी उलट मलाच विचारलं, "वहिनी, तेल किती घातलं?"

म्हटलं, दोन पळ्या.

ते नुसते हसले. मग म्हणाले, सकाळीच कांदा-टोमॅटोचं लाल वाटण आणि काजू-मगजचं पांढरं वाटण पातेलंभर शिजवून ठेवतो. ऑर्डर आली की भट्टीवर मोठ्या जाळावर तेल-बटर सुटेस्तोवर परतायचं, पाच-सात मिनिटांत डिश बाहेर. "तुमच्या गॅसला तो जाळ नाही. आणि आम्ही घालतो तेवढं तेल बघितलं तर तुम्ही जेवणारच नाही!"

हे मात्र खरं. तवंग बाहेर दिसला की आपण खूश, घरात दिसला की कोलेस्टेरॉल आठवतं.

गंमत म्हणजे येताना रस्त्यात बोर्ड दिसला, 'घरगुती जेवण मिळेल'. बाहेर गर्दी, बहुतेक कॉलेजची पोरं. घरापासून लांब राहणारी असणार, दुसरं काय.

उद्या भरली वांगी करणार आहे, भरपूर कूट घालून. त्यात हॉटेलवाल्यांनी माझी बरोबरी करून दाखवावी.

तुमच्याकडची पोरं काय म्हणतात?