लातूर ते माहूर ओम्नीने : तुटलेला पाटा आणि फुकट गेलेले ५,४०० रुपये

शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) फक्त झोके थांबवतो, वजन उचलत नाही. वजन उचलतात ते पाटे, म्हणजे मागच्या एक्सलवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. एवढी गोष्ट लातूरमध्येच कुणी सांगितली असती, तर गंगाखेडच्या अलीकडे अंधारात आईला रस्त्याच्या कडेला सतरंजीवर बसवायची पाळी आली नसती. म्हणून बाकी प्रवास थोडक्यात सांगतो आणि गाडीचं सविस्तर सांगतो. डिसेंबरात, जानेवारीत परळी, औंढा, माहूर करायला जुनी ओम्नी घेऊन निघणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी हे.

आमची ओम्नी २०१२ ची. माणसं सहा, वर कॅरिअरवर तीन बॅगा, शेगडी, पाण्याचा कॅन. भरली की मागून बसायची. समोरून येणारा डिपर मारायचा, कारण मागून बसली की पुढचे दिवे वर बघतात. निघायच्या आधी गॅरेजला नेली. मिस्त्रीने मागचा बंपर दोनदा दाबून पाहिला आणि सांगितलं, "दोन्ही शॉकअप गेलेत. बदलले की गाडी बसणार नाही." ५,४०० रुपये घेतले. बिल मागितलं तर म्हणाला, पार्टवाल्याकडून येईल. ते आजपर्यंत आलेलं नाही. त्याच कंपनीच्या त्याच जोडीचा भाव नंतर परभणीत दुकानात विचारला, तर २,१०० रुपये. मजुरी फार तर पाचशे धरा. जास्त घेतले याचा राग आहेच. पण गाडीखाली न वाकता निदान केलं, त्याचा राग त्याहून मोठा आहे.

अंबाजोगाईपर्यंत काही जाणवलं नाही. योगेश्वरीचं दर्शन, जेवण, सगळं वेळेत झालं. परळीहून गंगाखेडकडे निघालो तेव्हा पाच वाजले होते, आणि ती आमची चूक. हा पट्टा उजेडात करा. एकतर काळी कापसाची जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरचं डांबर सपाट राहतच नाही, त्याला लाटा पडतात. त्यात उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. शिवाय परळीकडून राख भरून निघालेल्या गाड्या. लाटेवर ओम्नी होडीसारखी डोलते आणि लाटेच्या शेवटी नळकांडी पूल आला की त्याच्या दोन्ही टोकांना रस्ता खचलेला असतो. अशाच एका पुलावर मागून आधी धप्प आवाज आला, म्हणजे एक्सल चासीवर आपटू नये म्हणून असलेला रबरी गट्टू टेकला, आणि लगेच टण्ण असा कोरडा आवाज. गाडी डावीकडे कलली आणि टायर आर्चला, म्हणजे चाकावरच्या गोल पत्र्याला, घासायला लागला. रबर जळल्याचा वास आत आला.

अशा वेळी काय करायचं ते नीट सांगतो. आधी माणसं उतरवा, मग कॅरिअर रिकामं करा. टॉर्च घेऊन खाली बघा की मेन पाटा, म्हणजे सगळ्यात लांब पाटा, शाबूत आहे का आणि एक्सल जागेवर आहे का. मेन पाटा तुटला असेल किंवा पाट्यांच्या मधोमध आरपार जाणारा सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकला असेल, तर गाडी एक फूटही हलवू नका, टोइंग बोलवा. आमचा दुसऱ्या नंबरचा पाटा तुटला होता, मेन पाटा धड होता. एक्सल आणि चासीच्या मधे लाकडाचा ठोकळा घातला, तो निसटू नये म्हणून तारेने आवळला आणि रिकामी गाडी वीस-पंचवीसच्या वेगाने गंगाखेडला नेली. आई, बायको, पोरं मागून एका भल्या माणसाच्या टमटममधून आली.

गंगाखेडला रात्री एकाने पाहिलं आणि पूर्ण नवा सेट घ्या म्हणाला, दोन्ही बाजूंचा, ११,००० रुपये, माल उद्या दुपारी. दमलेला माणूस अशा वेळी हो म्हणतो. मीही म्हणणार होतो. मेव्हण्याने हात धरून बाजूला नेलं, म्हणून वाचलो. बाहेरगावची पासिंग, सोबत म्हातारं माणूस आणि रात्रीची वेळ असली की भाव दुप्पट होतो हे धरूनच चला. रात्री फक्त मुक्काम करा, कामाचा भाव सकाळी ठरवा.

सकाळी आईने गोदावरीकाठी जनाबाईचं दर्शन घेतलं. घरच्यांना रेल्वेने परभणीला पाठवलं आणि मी ठोकळ्यावरची गाडी हळूहळू तिकडे नेली. तिथे कार गॅरेजला न जाता थेट ट्रक लाइनला गेलो, जिथे कमानीची, म्हणजे पाट्यांची, कामं होतात. हा या प्रवासातला सगळ्यात चांगला निर्णय. पाटा तुटला की पाटेवाल्याकडेच जायचं.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी पाटे सोडवले, तुटका तुकडा रॉकेलने पुसून माझ्या हातात दिला. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट, गंजलेला. उरलेली चिंचोळी पट्टी चांदीसारखी लखलखीत, दाणेदार. "मालक, काळं दिसतंय तेवढं जुनं. चमकतंय तेवढं कालचं," ते म्हणाले. म्हणजे पाटा कित्येक महिने तडकलेलाच होता. लातूरच्या गॅरेजमध्ये नवे शॉकअप बसवताना तो हातभर अंतरावर होता. गाडी बसत होती ती त्याच्यामुळे.

आता निदान. गाडी उभी असतानाच मागून खाली दिसते किंवा एका बाजूला कलते, तर दोष पाट्यांचा: बाक गेलाय, तडा गेलाय किंवा शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बुश खलास झालेत. उभी असताना ठीक, पण खड्ड्यानंतर तीन-चार वेळा झोके खाते, तर शॉकअपचा. तेलाने ओला झालेला शॉकअप तर बघताक्षणी कळतो. घरीच सपाट जागी टेपने चाकाच्या मध्यापासून आर्चपर्यंत दोन्ही बाजू मोजा, रिकाम्या गाडीत आणि भरलेल्या गाडीत. हे आकडे हातात असले की मिस्त्री तुम्हाला काहीही सांगू शकत नाही.

परभणीत दोन्ही बाजूंचे दुसरे पाटे, दोन्ही सेंटर बोल्ट, सगळे बुश आणि मजुरी मिळून ३,२०० रुपये झाले. पाटा नेहमी जोडीने बदला, नाहीतर गाडी वाकडी चालते. जुन्या पाट्याला भट्टीत तापवून बाक देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा, तापवल्यावर पाणी नीट दिलं गेलं नाही, म्हणजे पोलाद पुन्हा नीट कडक झालं नाही, तर तो पाटा महिनाभरात पुन्हा बसतो किंवा तुटतो. एक आखूड पाटा वाढवायचा का, असं मी विचारलं होतं. मिस्त्री म्हणाले, रोज भरून चालवत असाल किंवा मागे गॅसची टाकी असेल तर प्रत्येक बाजूला एक वाढवा. दोन कधीच नाही. दोन वाढवलेली ओम्नी मी मेव्हण्याच्या गावात चालवली आहे. रिकामी असताना स्पीड ब्रेकरच्या पट्ट्यांवर मागचा भाग उड्या मारत बाजूला सरकतो, आणि ओल्या रस्त्यावर ते भयंकर आहे. आम्ही एकही वाढवला नाही. कॅरिअरवरचं सामान कमी करून सीटखाली आणि दोन्ही एक्सलच्या मधे घेतलं, तेवढ्यानेच डोलणं निम्मं झालं.

ईकोवाल्यांनी लक्षात घ्या, तुमच्या गाडीला मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत. त्यात बसवायचे रबरी बफर मिळतात. कायम सात माणसं बसत असतील तरच घ्या. बफर ज्या वेढ्यांच्या मधे बसतो तिथे कॉइल नीट दबत नाही, त्यामुळे रिकामी गाडी कडक होते. ओम्नी असो की ईको, पुढचा शॉकअप आणि त्याची स्प्रिंग एकत्र जोडलेली असते. स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार नसलेल्या माणसाला त्याचा वरचा नट खोलू देऊ नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा फोडते.

सगळ्यात महत्त्वाचं यू बोल्ट, म्हणजे पाटे एक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट. नवे पाटे बसले की शंभर किलोमीटरच्या आत सगळे नट पुन्हा आवळायचे, गाडी जॅकवर न घेता, चाकांवर उभी असताना. औंढा नागनाथच्या पार्किंगमध्ये मी आडवा होऊन आठही नट आवळले. सहा जागचे हलले नाहीत, डावीकडच्या दोघांनी जवळजवळ अर्धा फेरा घेतला. हेच ढिले राहिले असते तर नवा सेंटर बोल्ट पुन्हा तुटला असता.

औंढा, नांदेड, भोकर, किनवट या दोन दिवसांत तक्रारीला जागा नाही. किनवटच्या पुढे चढावर क्लच वायर तुटली, पण जास्तीची सोबत होती, अर्ध्या तासात बदलली. ही वायर आणि फॅन बेल्ट ओम्नीत असायलाच हवेत. नसेल वायर, तर इंजिन बंद करून पहिला गिअर टाका आणि तसाच सेल्फ मारा, गाडी उचलते. जवळचं गाव गाठेपर्यंत गिअर बदलायच्या भानगडीत पडू नका. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणून चढावर सीट नेहमीपेक्षा तापली की तापमानाचा काटा बघा, थांबा, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात खोलू नका.

माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्या आई स्वतःच्या पायांनी चढली. येताना लोहा, अहमदपूरमार्गे आलो, परळीच्या पट्ट्यावर पुन्हा पाऊल टाकलं नाही. घरी आल्यावर सामान उतरवायच्या आधी टेप लावली, उतरवल्यावर पुन्हा लावली. रिकाम्या गाडीत डाव्या-उजव्यात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक आहे. यू बोल्ट परवा परत आवळले, या वेळी एकही हलला नाही.